बारा डिग्रीचा गारझिरा

४१.२ (जिना, दुपारी दोन)

बुद्धभूषण पगारे यांनी उभ्या आयुष्यात एकदाच न मोजता आकडा सांगितला. तेव्हा मे महिना होता, वीज गेलेली होती आणि ते जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसलेले होते. ही परिस्थिती नोंदीत असावी, असा त्यांचा आग्रह आहे.

सातपूर कॉलनीतल्या मैत्री सोसायटीत वीज गेली की अकराही फ्लॅट जिन्यात येऊन बसतात, कारण वारा आला तर तिथूनच येतो. त्या दुपारी तो आला नव्हता. दुसऱ्या मजल्यावरची तेजल म्हणाली की फ्रीजमधल्या पाण्याने आता अंघोळ करता येईल.

"फ्रीजचं काय घेऊन बसलीस," पगारे म्हणाले. "गार पाणी प्यावं ते गारझिऱ्याचं. पेठच्या अलीकडे उतरायचं, तासभर जंगलातून चालायचं. सत्तावीस वर्षांपूर्वी युनियनच्या सहलीला गेलो होतो. बारा डिग्री पाणी."

नुसतं 'गार' म्हणून ते थांबले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"मोजलं होतं का?" समोरच्या फ्लॅटमधले रहेमानभाई शेख म्हणाले.

रहेमानभाई एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं त्यांनी उशिरा आलेल्या ड्रायव्हरांची कारणं ऐकली, त्यामुळे समोरचा बोलायला लागला की त्यांची नजर आपोआप मनगटावरच्या घड्याळाकडे जाते. ती आत्ताही गेली.

पगारेंनी मोजलं नव्हतं. ज्या कारखान्यात ते एकतीस वर्षं नोकरी करतायत, तिथे त्यांचं काम मोजणाऱ्यांना मोजण्याचं. म्हणजे कारखान्यात मोजमापाची जेवढी साधनं आहेत, ती खरं बोलतात की नाही हे पगारे तपासतात, आणि बोलत असतील तर त्यांच्यावर पिवळी पट्टी चिकटवतात: तपासले, पुढील तपासणी अमुक तारखेला, सही. पट्टीवरची तारीख उलटली की साधन बाद, मग ते मोठ्या साहेबांच्या केबिनमधलं का असेना. एकदा त्यांनी कॅन्टीनचा वजनकाटा बाद केला आणि त्या दिवशी सातशे माणसांनी पोहे अंदाजाने खाल्ले.

म्हणूनच सोसायटीच्या पाण्याची किल्ली त्यांच्या गळ्यात होती, कंपनीच्या आयकार्डाच्या दोरीला. उन्हाळ्यात पाणी कमी येतं. सकाळी सहाला पगारे गच्चीवरच्या टाकीत मोजकाठी बुडवतात, हिशेब करतात, व्हॉल्व्हच्या पेटीचं कुलूप उघडतात आणि आधी डाव्या बाजूच्या, मग उजव्या बाजूच्या फ्लॅटना मोजून मिनिटं पाणी सोडतात. आम्हाला अठराच मिनिटं का, असं चार वर्षांत कोणी विचारलं नाही. पगारेंनी मोजलंय म्हटल्यावर विषय संपायचा.

तो त्या संध्याकाळी ग्रुपवर सुरू झाला.

तेजल: काका, सहज विचारते, राग मानू नका. टाकी पण अंदाजानेच का?
धोंडाबाई, तिसरा मजला (टाईप केलं नातीने): आमची बादली अर्धीच भरते हे मी पहिल्यापासून म्हणते.
रहेमानभाई: मी काहीच म्हणत नाही. बारा कुठून आले एवढंच.

पगारेंनी ताट बाजूला सारलं. "मालन," ते बायकोला म्हणाले, "माणसाची एकतीस वर्षं एका पायरीवर जातात बघ."

"मग लिहा की, अंदाजाने बोललो," मालन म्हणाली. "मी रोज भाजीत मीठ अंदाजानेच घालते. कोण मेलंय?"

उपाय फारच सोपा होता, म्हणून तो बाद झाला. पगारेंनी ग्रुपवर लिहिलं: "रविवारी प्रत्यक्ष मोजणी करण्यात येईल. साक्षीदार म्हणून श्री. शेख यांनी यावे. बारा न भरल्यास पाण्याची किल्ली त्यांच्या ताब्यात देईन."

सातव्या सेकंदाला रहेमानभाईंचा अंगठा आला.

३७.५ (कारखान्याचं गेट, शनिवार)

कारखान्यातून सुई जरी बाहेर न्यायची तरी परतीचा गेट पास लागतो. पगारेंनी तो स्वतःच्या अक्षरात भरला.

वस्तू: डिजिटल थर्मामीटर, लांब दांड्याचा, नग एक.
कुठे: गारझिरा.
कामाचे स्वरूप: तापमान तपासणी.
परत: सोमवार, पहिली पाळी.

गेटवरच्या सिक्युरिटीने गारझिरा ही पार्टी आपल्या यादीत वरून खाली आणि खालून वर शोधली. "नवीन आहे का साहेब? काय माल असतो यांचा?"

"पाणी पुरवतात," पगारे म्हणाले. हे खोटं नव्हतं. सिक्युरिटीने लाल पेनने पासवर लिहिलं, 'पाणी पुरवठादार', आणि शिक्का मारला.

घरी येईपर्यंत सोसायटीचा संशय मावळून त्याच्या बाटल्या झाल्या होत्या. एवढं लांब जाताय तर आमच्यापुरतं आणा. दहा फ्लॅटच्या दहा बाटल्या, फ्लॅट नंबर घातलेल्या. धोंडाबाईंची तर पाच लिटरची कॅन होती, गुडघ्यांसाठी.

"प्यायचं की चोळायचं?" मालनने विचारलं.

"आधी येऊ तर दे," धोंडाबाई म्हणाल्या.

बाटल्यांबरोबर सल्ले होते. कांदा खिशात ठेवा. कांदा मोज्यात ठेवा. बूट घालू नका, घाम येतो. चपला घालू नका, काटे लागतात. यावर काय घालायचं ते कोणी सांगितलं नाही. कोणाच्या तरी मेहुण्याला तिकडे बिबट्या दिसला होता. खोदून विचारल्यावर तो गंगापूर रोडला, एका बंगल्याच्या पार्किंगमध्ये दिसला होता असं निघालं, तेव्हा त्या मानाने जंगल बरं असं सर्वानुमते ठरलं.

३३.० (स्टँड, आणि नंतर बस)

प्रवासाची सूत्रं रहेमानभाईंनी घेतली. "सहा चाळीसची पेठ. गाडी माझ्या हातची आहे."

साडेसहाला तिघं स्टँडवर हजर होते: पगारे थर्मामीटरची नळकांडी छातीशी धरून, मालन दशम्यांचा डबा घेऊन, आणि रहेमानभाई बाटल्यांची दोन पोती सांभाळत. सहा चाळीस झाले. सात झाले. येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे रहेमानभाई असे बघत की जणू ती गणवेशाशिवाय शाळेत आली आहे. शेवटी ते खिडकीत गेले.

"ती गाडी नाहीये काका," आतली मुलगी म्हणाली.

"नाही कशी? नऊ वर्षं मी सोडलीय."

"मग मी नोकरीला लागायच्या आधी असेल."

आठ दहाच्या गाडीत तिघांना उभं राहायला मिळालं. दुसऱ्याच्या चुकीचं मोजमाप सभ्य माणूस बोलून दाखवत नाही. घाट लागेपर्यंत पगारे फक्त तीनदा म्हणाले, "दीड तास."

३४.१ (नाका)

जंगलाच्या तोंडाशी गावच्या समितीचा नाका होता. एक आडवा बांबू, एक टेबल, एक वही आणि नवनाथ. नवनाथने छापील फॉर्म पुढे केला. 'भेटीचा उद्देश' या रकान्यात पगारेंनी लिहिलं: तापमान मोजणे.

"हे नाय चालायचं," नवनाथ म्हणाला. "मोजायचं म्हंजे अभ्यास झाला. अभ्यासाला वरच्या ऑफिसचं पत्र लागतं. सहल लिहा, लगेच सोडतो."

"मी सहलीला आलेलो नाही."

"मग कशाला आले?"

"तपासणीला. हा गेट पास बघा ना."

पगारेंना वाटलं, कागदाला कागद भेटला की काम होतं. एरवी होतंही. पण नवनाथने पास वाचला, कंपनीचा शिक्का पाहिला, लाल अक्षरातलं 'पाणी पुरवठादार' पाहिलं, पोत्यांतून डोकावणाऱ्या बाटल्या पाहिल्या, आणि तो उभा राहिला.

"कंपनी काढायची का इथं? पान्याची?"

"अहो नाही."

"हा नमुना न्यायला आले, मग पाइप घेऊन येनार. आमच्या झऱ्याचं पानी बाटलीत घालून आम्हालाच इकनार."

रहेमानभाईंनी मध्यस्थी केली. "भाई, ऐक. हे फक्त बारा डिग्री आहे का बघणार. नसलं तर आमच्या सोसायटीचं पाणी माझ्या ताब्यात येणार. बस, एवढीच बात आहे."

यामुळे नवनाथची खात्रीच पटली. त्याने बांबूवर हात ठेवला.

"अहो, द्या इकडे," मालन म्हणाली. तिने फॉर्म ओढला, 'तापमान मोजणे' खोडून 'सहल' लिहिलं, पुढे 'माणसे तीन, दशम्या बारा' असं लिहून दोन दशम्या आणि लसणाची चटणी नवनाथच्या टेबलावर ठेवली. बांबू वर गेला. अट एकच: बरोबर गावचं माणूस राहील आणि बाटल्यांवर लक्ष ठेवील.

एकाच दिवशी आपण एका कागदावर तपासणीला आणि दुसऱ्यावर सहलीला हजर आहोत, हे पगारेंना पुढचा अर्धा डोंगर टोचत राहिलं.

३१.६ (जंगल)

गावचं माणूस म्हणजे कुसाबाई. साठीच्या पुढची, कमरेला कोयता, पायांत काही नाही. चप्पल की बूट हा प्रश्न तिने जन्मतःच सोडवलेला होता.

सत्तावीस वर्षांपूर्वीचा तास आता दोन तासांचा झाला होता. सागाला पान नव्हतं. सगळी पानं वाटेवर होती आणि त्यांच्यावरून रहेमानभाई दोनदा बसत बसत खाली आले. पगारे दर दोनशे पावलांनी थांबून हवेचं तापमान घेऊ लागले. शास्त्राला त्याची गरज नव्हती, फुप्फुसांना होती.

"अजून किती?" रहेमानभाई विचारत.

"हे काय, आलंच," कुसाबाई म्हणत असे. असं ते पाच वेळा आलं.

मालन आणि कुसाबाई करवंदं खात पुढे चालल्या होत्या. सुनांचा विषय निघाला होता, त्यामुळे त्यांना चढ जाणवत नव्हता.

२३.४

उंबराखाली खडकाची फट होती. फटीतून मनगटाएवढं पाणी येत होतं आणि खाली कमरेइतक्या खोल दगडी कुंडात पडत होतं. तळाचा खडा न् खडा दिसत होता.

पगारेंनी पाण्याला हात लावला नाही. मोजणाऱ्याने आधी हात लावला की मनात आकडा तयार होतो, आणि मनात आकडा घेऊन मोजणाऱ्याला त्यांनी कारखान्यात कधी माफ केलं नव्हतं. त्यांनी घाम पुसला, डायरी उघडली, दांडा फटीशी धरला.

२३.४.

पाच मिनिटं थांबले. २३.४. कुंडाच्या मधोमध, तळाशी, सावलीत. २३.४. यंत्राला काडीचीही लाज नव्हती.

पगारेंनी यंत्र उलटं केलं, आणि पिवळी पट्टी त्यांच्या नजरेस पडली. पुढील तपासणी: ११ मे. सही: त्यांचीच. आज बारा तारीख. शनिवारी गेट पास भरताना पट्टी जिवंत होती. रविवारी नव्हती.

म्हणजे नियमाने मोजणी बाद. बाद मोजणीवर किल्ली जात नाही. सुटका त्यांच्याच सहीने, त्यांच्याच अंगठ्याखाली होती. आणि पगारेंना मनातून पक्कं ठाऊक होतं की यंत्र खरं बोलतंय. नियमाप्रमाणे वागावं तर लबाडी होत होती आणि प्रामाणिक राहावं तर नियम मोडत होता. एकतीस वर्षांत असा पेच पडला नव्हता. ते अंगठा पट्टीवर ठेवून तसेच उभे राहिले.

तिकडे रहेमानभाईंनी मोजणीची वाट पाहिली नव्हती. बूट, मोजे आणि मोज्यांतले कांदे काढून ते कुंडाच्या कडेच्या दगडावर गुडघ्यांपर्यंत पाण्यात उभे होते. ओंजळीने प्यायले, डोक्यावर मारलं, डोळे मिटले.

"पगारेसाहेब," ते मिटल्या डोळ्यांनी म्हणाले, "बारा नाही हे."

"नाहीच," पगारे पडलेल्या आवाजात म्हणाले.

"दहा आहे."

"काय?"

"दहा. फार तर साडेदहा. मी तुमच्यावर शक घेतला, माझी चूक. या, पाय टाका."

"रहेमानभाई, तेवीस पूर्णांक चार आहे."

"कशाचं?"

"याचं. पाण्याचं. पाचदा घेतलं."

रहेमानभाईंनी पाण्याकडे पाहिलं, मग यंत्राकडे. "बिघडलंय ते," ते म्हणाले आणि हात पुढे करून त्यांनी यंत्र घेतलं. त्यांनी तीस वर्षं धावत्या गाडीची पाटी वाचलेली. पट्टी त्यांना न दिसणं शक्यच नव्हतं. "अकरा मे. हे तर काल संपलं. सही कोणाची ही? मग बाद. तुमचाच कायदा."

"एका दिवसाने काही बिघडत नसतं हो," पगारे म्हणाले, आणि स्वतःच दचकले. कारखान्यातला प्रत्येक फोरमन एकतीस वर्षं हेच वाक्य त्यांना ऐकवत आला होता.

त्यांनी गळ्यातली दोरी काढली. "तेवीस आहे. मी हरलो. किल्ली घ्या."

"दहा आहे. मी हरलो. ठेवा तुमच्याकडे."

"साक्षीदाराने मोजणी मानायची असते."

"मोजणी बाद आहे साहेब. माझे पाय बघा, पायांवर तारीख नाही."

हॉटेलात बिल कोणी द्यायचं यावरून जशी सभ्य ओढाताण होते तशी झाली. किल्ली या मुठीतून त्या मुठीत, त्या मुठीतून या खिशात, आणि तिथून, आयकार्डासकट, कुंडात. आयकार्ड तरंगलं. किल्ली सुटून दोन दगडांच्या मधल्या फटीत गेली. वरून स्वच्छ दिसत होती.

सकाळी सहाला अकरा फ्लॅट बादल्या घेऊन नळाशी बसणार होते.

पगारे अंगातल्या शर्टासकट कुंडात उतरले. वाकले. हात खांद्यापर्यंत गेला, डोकं पाण्याखाली गेलं, किल्ली चार बोटं पुढेच राहिली. अशा आठ बुड्या झाल्या. नवव्यांदा ते वर आले तेव्हा त्यांचे दात एकमेकांवर वाजत होते.

"किती आहे?" काठावरून रहेमानभाईंनी विचारलं.

"ते... ते... तेवीस."

कुसाबाई उंबराच्या मुळीवर बसून हे सगळं बघत होती. तिने लुगडं वर खोचलं, पाण्यात पाय सोडला, पायाच्या अंगठ्याने फट चाचपली आणि किल्ली अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून वर आणली.

"बाई, गार नाही लागलं?" रहेमानभाई म्हणाले.

"कोमट हाय की. थंडीत या, तवा तर वाफा निघत्यात. पानी बारा महिने तेच हाय. तुम्ही तापून आले म्हनून गार." तिने किल्ली लुगड्याला पुसली. "कोनाची ही?"

दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. कुसाबाईने किल्ली मालनच्या हातात दिली. मालन कुंडाच्या पलीकडच्या कडेला बसून बाटल्या भरत होती. तिची नववी चालली होती. तिने किल्ली दशम्यांच्या डब्यात टाकली.

३९.७ (परत)

बसने सातपूर गाठेपर्यंत पोत्यांतल्या पाण्याने हवेशी जुळवून घेतलं होतं. तेजलने आपली बाटली तोंडाला लावली आणि म्हणाली, "काका, चहापत्ती टाकू का?" धोंडाबाईंनी मात्र पाणी चोळलं आणि पंधरा मिनिटांत गुण आल्याचं जाहीर केलं. सोसायटीच्या फळ्यावर संध्याकाळी दोन सूचना लागल्या.

"गारझिऱ्याचे तापमान २३.४. माझे पूर्वीचे विधान चुकीचे होते. व्हॉल्व्हची किल्ली श्री. शेख यांच्याकडे सुपूर्द. बु. पगारे."

"तापमान दहा. यंत्र मुदतबाह्य. पगारेसाहेबांचे म्हणणे जवळपास बरोबर होते. किल्ली स्वीकारलेली नाही. र. शेख."

दशम्यांच्या डब्यातून निघालेली किल्ली फळ्याच्या खिळ्याला लटकत राहिली. सोमवारी सकाळी सहाला दोन समोरासमोरच्या दारांमागे दोन तत्त्वनिष्ठ माणसं कान लावून उभी होती, की समोरचा कधी बाहेर पडतो. सहा दहाला पाइप वाजला. मग डावी बाजू भरली, उजवी बाजू भरली, आणि तिसऱ्या मजल्यावरून धोंडाबाईंचा आवाज आला की बस झालं, बादली सांडली.

मालन गच्चीवरून खाली आली. किल्ली पदराला बांधलेली होती.

"किती किती मिनिटं दिलीस?" पगारेंनी विचारलं.

"भरलं म्हणून ओरडेपर्यंत."

"पण मोजलं कशाने?"

"त्यांच्या ओरडण्याने." ती स्वयंपाकघराकडे वळली. तिच्यामागून आलेली तेजल दारातच थांबली होती. "काकू, तुम्ही सांगा ना. खरंच किती गार होतं?"

"पहिल्या बाटलीला हात तुटले," मालन म्हणाली. "तिसरीला बरं वाटलं. सातवीपासून काही कळेनासंच झालं. मी तासभर कोपरापर्यंत त्यातच होते की. पण मला कोणी विचारलंच नाही."

कारखान्यात पगारेंनी यंत्र तपासलं. दशांशापर्यंत बरोबर निघालं. त्यांनी नवी पिवळी पट्टी लावली, गेट पास बंद केला, आणि हे कोणाला सांगायचं या विचारात संध्याकाळी घरी आले. रहेमानभाई जिन्यात बसले होते. "डिसेंबरात परत जाऊ," ते घड्याळ बघत म्हणाले. "तेव्हा पस्तीस असणार."

पगारेंनी घरात जाऊन मालनकडे हात पुढे केला. "जरा किल्ली दे. फक्त टाकी बघून येतो."

"गेट पास आणा," मालन पोळी लाटता लाटता म्हणाली. "परतीचा."

ती हसत नव्हती. पगारेंनी डायरीचं पान फाडलं, टेबलाशी बसले आणि नीट अक्षरात लिहिलं. वस्तू: किल्ली, नग एक. कुठे: गच्ची. परत: पाच मिनिटांत. कामाचे स्वरूप, या ओळीशी त्यांचं पेन बराच वेळ अडलं. मग त्यांनी लिहिलं: सहल.